डाव्या डोळ्याची काच

माझ्या धंद्यात बोलायचं काम गिऱ्हाईकाचं असतं. मी फक्त विचारतो, "हे बरं का ते बरं?" काच बदलतो, पुन्हा विचारतो. समोरचा सांगतो, मी लिहून घेतो. शहरातल्या छावणी भागात तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवून मला तेवढंच बोलायची सवय राहिली. घरीही मी फार बोलत नाही. लोक म्हणतात, स्वभाव आहे. निम्मा स्वभाव आहे, हे खरं. उरलेलं निम्मं वेगळं आहे. मी एक गोष्ट केली होती, ती कुणाला कळू नये म्हणून मी गप्प राहायला शिकलो. ती आता सांगतो.

दुकान वडलांचं. पोलिस ॲक्शननंतर काही वर्षांनी वडील शेती भावांवर सोपवून शहरात आले आणि छावणीत एका म्हाताऱ्या उस्तादांकडं काच घासायला शिकले. त्यांच्याकडून मी शिकलो. धाकटी बहीण पिशोरला दिली. घर चांगलं, जमीन बागायती, माणसं बोलायला फटकळ. आमच्यात एक रीत आहे, बहीण दिलेल्या घरी 'नाय' म्हणायचं नसतं. त्यांनी काही मागितलं तर द्यायचं, काही बोलले तर ऐकायचं. आपण तिथं 'नाय' म्हटलं तर ते मागं राहिलेल्या बहिणीला भोगावं लागतं. ही रीत मला कुणी शिकवली नाही. वडलांना तसं वागताना बघून ती अंगात आली.

बहिणीची थोरली मुलगी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेत कुणीतरी पोरांचे डोळे तपासले. एकेक डोळा झाकून वाचायला लावलं तेव्हा कळलं, की पोरीचा उजवा डोळा झाकला तर तिला फळ्यावरचं काहीच दिसत नाही. तोवर कुणालाच कळलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. दोन्ही डोळे उघडे असले की उजवा डोळा सगळं काम करायचा.

बहीण तिला घेऊन शहरात आली. मी दोघींना डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांची-माझी चांगली ओळख होती, त्यांची कार्डं घेऊन लोक माझ्याकडं यायचे. त्यांनी थेंब टाकून तपासलं आणि सांगितलं, डोळ्यात रोग काही नाही, डावा डोळा फक्त आखूड आहे. प्लस पाचची काच दिवसभर लावायची. चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी बांधायची, म्हणजे मंद डोळ्याला बघणं भाग पडेल. वयाच्या आठ-नऊ वर्षांच्या आत हे झालं पाहिजे.

त्या दिवशी दुकानात भाचीनं विचारलं, "मामा, डोळा आखूड म्हणजे काय?" रस्त्यावर कडक ऊन होतं. मी प्लस पाचची काच दाराकडं तोंड करून धरली आणि तिच्यामागं एक पांढरा कागद. कागदावर रस्ता उतरला. एक ॲपे रिक्षा, समोरचं दुकान, सगळं उलटं आणि रंगीत. पोरगी हसायला लागली. मी तिला सांगितलं, रिक्षाच्या प्रत्येक ठिपक्यातून उजेड निघतो आणि पसरत पसरत आपल्यापर्यंत येतो. काच त्याला वाकवते आणि परत एका ठिपक्यात गोळा करते. कागद नेमका त्या जागी असला तर चित्र टोकदार उमटतं. डोळ्यात पुढं अशीच वाकवणारी गोल बाजू आहे, आत एक मऊ भिंग आहे आणि मागं कागदासारखा पडदा. मग मी कागद काचेच्या जवळ सरकवला. रिक्षा पुसली गेली, नुसता डाग राहिला.

"तुझ्या डाव्या डोळ्याचा कागद असा पुढं आलाय," मी म्हटलं. "उजेड गोळा व्हायच्या आधीच पडद्यावर आपटतो. ही काच त्याला थोडा आधी गोळा करून देणार."

"आणि पट्टी?"

"तुझ्या डोक्याला डाग बघायचा कंटाळा आलाय. ते म्हणतं, मी उजव्याकडूनच घेतो. त्याला डाव्याकडून घ्यायची सवय लावायची."

सहा वर्षांच्या पोरीला इतकं नीट समजावलं होतं मी. म्हणून मला कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. मला सगळं कळत होतं.

चष्मा मी स्वतः बसवला. पंधरा दिवसांनी बहिणीची सासू भाचीला घेऊन दुकानात आली. बहीण आली नव्हती, घरी सुगीची गडबड होती. मी चहा मागवला. मावशींनी, मी त्यांना मावशीच म्हणायचो, चहा बाजूला ठेवला आणि पोरीला माझ्यासमोर उभं केलं.

"भाऊ, हे काय करून दिलंय बघा. एक डोळा पोरीचा, एक म्हशीचा."

प्लसची काच मागचा डोळा मोठा दाखवते. एकच डोळा मोठा दिसला की चेहरा वाकडा वाटतो, हे खरं आहे.

"नंबर जास्त आहे मावशी. थोडे दिवस वाटेल तसं, मग सवय होईल."

"आम्हाला होईल सवय. पुढं बघायला येतील त्यांना होईल का? वाड्यावस्तीवर आत्ताच बोलायलेत, एक डोळा गेलेली पोर हाय म्हणून. दोन्ही काचा सारख्या करा."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं..."

"डॉक्टर काय पिशोरला ऱ्हातो का? तुमच्या बहिणीला सांगितलं तर ती रडत बसती. म्हणून तुमच्याकडं आले. तुमच्या हातात हाय ना? मग करा."

आमच्या धंद्यात एक चाल आहे. एखाद्या माणसाचा एक डोळा पूर्ण निकामी असला, काच घालून काही उपयोग नसला, तर त्या डोळ्यापुढं दुसऱ्यासारखीच काच बसवतात. चष्मा दोन्हीकडं सारखा दिसतो, नाकावर सारखा बसतो. तिला बॅलन्स काच म्हणतात. मेलेल्या डोळ्याला ती द्यायला हरकत नसते. जिवंत डोळ्याला ती द्यायची नसते.

मी स्क्रू सैल केला, जाड काच काढली आणि उजव्यासारखी साधी काच घासून डावीकडं बसवली. पोरगी म्हणाली, "हलकं झालं." मावशींनी चहा घेतला. काढलेली काच मी एका कागदी पाकिटात घातली, वर भाचीचं नाव आणि तारीख लिहिली आणि खणात ठेवली. मनाशी म्हटलं, थोड्या दिवसांनी परत बसवू.

बहिणीनं चष्मा बघितला आणि पुढच्या खेपेला विचारलं, "दादा, काच पातळ कशी झाली?"

"नवीन जातीची आहे. पातळ असते, महाग असते. नंबर तोच."

तिनं पिशोरला चार जणींना सांगितलं, दादानं भारी काच बसवली.

आणि ती रोज पट्टी बांधायची. ब्लाउजच्या उरलेल्या कापडाच्या ती पट्ट्या शिवायची, पोरीला आवडतील त्या रंगाच्या. पोरगी ओरडायची, चावायची. चांगला डोळा बांधल्यावर तिच्यापुढं नुसता डाग राहायचा, त्यात तिला ताटातली भाकरीही नीट दिसायची नाही. काच बरोबर असती तर तिला धूसर का होईना, आकार दिसले असते आणि ते आकार रोज थोडे थोडे उघडत गेले असते. मी तिला चार तास आंधळी करून ठेवत होतो आणि ते काम बहिणीच्या हातून करून घेत होतो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं. ते तपासताना आपल्या पेटीतली बरोबर नंबरची काच घालत, त्यामुळं चष्म्यात काय आहे हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. माझ्या दुकानातला चष्मा त्यांनी कधी तपासला नाही. डोळा जिथल्या तिथं होता. सहा महिन्यांनी परत तेच. तेव्हा ते चिडले.

"बाई, तुम्ही पट्टी लावत नाही."

"लावते हो. रोज लावते."

"लावत असतात तर दोन ओळी तरी सुधारल्या असत्या. पोरगी रडली की काढून टाकता. सगळ्या आया तेच करतात. पोरीचा डोळा तुमच्या लाडानं चाललाय, एवढं लक्षात ठेवा."

बहीण माझ्याकडं बघत होती. दादा तरी सांगेल, तो पट्टीच्या दिवसांत दोनदा पिशोरला येऊन गेलाय, त्यानं बघितलंय. मी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत उभा राहिलो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दादा, मी खरंच लावते रे."

मी म्हटलं, "माहीत आहे मला." एवढंच म्हटलं.

त्यानंतर पाकीट मी किती वेळा खणातून काढलं ते सांगता येणार नाही. दरवेळी परत ठेवलं. काच बदलायला पाच मिनिटं लागली असती, पण बहिणीला कारण सांगावं लागलं असतं. मग पोरगी नऊची झाली, दहाची झाली, आणि पाकीट काढायचं कारण संपलं.

पुढं भाचीनं पोलिस भरतीची तयारी केली. मैदानात ती चांगली धावली, डोळ्यांच्या तपासणीत बाद झाली. पिशोरला तिचे आबा, म्हणजे माझे दाजी, बायकोला म्हणाले, "डॉक्टरनं तवाच सांगितलं व्हतं. तुझ्या लाडानं पोरीचं वाटोळं झालं." हे बहिणीनंच मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "दोन तास अजून बांधायला पाह्यजे होती दादा." चार वर्षांपूर्वी ती आजारानं गेली. जाईपर्यंत तिला तसंच वाटत होतं.

आता मागच्या वर्षाचं. भाची लासूर स्टेशनला दिलेली आहे, नवरा धान्याच्या मोंढ्यात काम करतो. तिची मुलगी पाच वर्षांची. एका दुपारी दोघी दुकानात आल्या. भाचीनं कार्ड पुढं केलं. डॉक्टर तेच, आता पिकलेले. कार्डावर लिहिलं होतं तेही जवळजवळ तेच. उजवा ठीक, डावा प्लस साडेचार, पट्टी.

"मामा, फ्रेम गुलाबी पाहिजे म्हणते. आणि काचा दोन्ही सारख्या बसवा."

मी वर बघितलं. "कोण म्हणतंय? सासूबाई?"

"त्या काही बोलत नाहीत, पोर तुझी, तू बघ म्हणतात. मीच म्हणते. आईनं माझ्या डोळ्याला तीन वर्षं पट्टी बांधली. मी तिच्या हाताला चावून वण पाडले होते. काय उपयोग झाला? हे आपल्या घराण्यातलंच आहे. मी हिला नाही छळणार. साधा चष्मा घालेल, चारचौघींसारखी दिसेल."

नात स्टुलावर बसून पाय हलवत होती. तिच्या आईनं बावीस वर्षांपूर्वीचा पुरावा दिला होता आणि त्या पुराव्यावर ती आता मुलीचा डोळा सोडून देत होती. पुरावा मी बनवलेला होता. तीन-चार वर्षांत हाही डोळा बंद होणार होता. मी गप्प राहिलो असतो तर पुन्हा कुणाला काही कळलं नसतं.

मी पोरीला बिस्किटाचा पुडा दिला, भाचीला म्हटलं, "बस." आणि सांगितलं. कोण आलं होतं, काय म्हणालं, मी काय काढलं, काय बसवलं, बहिणीला काय सांगितलं. कुठं थांबलो नाही. थांबलो असतो तर राहिलं असतं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मामा, मी हिला पट्टी बांधावी म्हणून रचताय तुम्ही."

मी खण उघडून पाकीट तिच्यापुढं ठेवलं. कागद पिवळा पडला होता, पण नाव वाचता येत होतं, तारीखही. तिनं काच बाहेर काढली, बोटांत फिरवली. ती सहा वर्षांच्या मुलीच्या फ्रेमच्या मापाची होती. उजवा डोळा हातानं झाकून तिनं ती डाव्या डोळ्यापुढं धरली आणि रस्त्यापलीकडच्या पाटीकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"नाही वाचता येत."

"आता नाही येणार. उजेड बरोबर जागी पडतोय, पण घ्यायला कुणी नाही. तेव्हा होतं."

तिनं काच टेबलावर ठेवली.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"डॉक्टर तिला बोलले तेव्हा तुम्ही तिथंच होता?"

"होतो."

ती रडली नाही. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल, नाहीतर उठून जाईल. तिनं कार्ड माझ्यापुढं सरकवलं.

"लिहिलंय तशी काच बसवा. आत्ता, माझ्यासमोर. आणि ती तपासायची कशी, ते मला शिकवा. तुमच्या शब्दावर मी घेणार नाही."

मी काच घासली, बसवली. मग तिला खिडकीपाशी नेलं. चष्मा डोळ्यापासून चार बोटं लांब धर, म्हटलं, काचेतून गजाकडं बघ आणि चष्मा डावी-उजवीकडं हलव. साध्या काचेत गज जागचा हलत नाही. मायनसमध्ये तो चष्म्याबरोबर जातो, प्लसमध्ये उलट्या बाजूला पळतो. नंबर जितका जास्त तितका जोरात पळतो. मग पेटीतली मायनस साडेचार त्यावर धर. गज थांबला पाहिजे. थांबला तर नंबर बरोबर.

तिनं तीनदा केलं. मग पोरीच्या नाकावर चष्मा चढवला आणि निघाली. पाण्याचं विचारलं, नको म्हणाली.

त्यानंतर ती दर दीड महिन्याला यायची. रेल्वेनं लासूरहून, पोरीचा हात धरून. आली की आधी खिडकीपाशी जायची, गज बघायची, माझ्या पेटीतली काच स्वतः काढायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीही तेवढंच. पट्टीचं काय चाललंय ते मला नातीकडून कळायचं.

"आजोबा, मी मम्मीला चावले."

"मग मम्मी काय म्हणाली?"

"म्हणाली, चाव. पट्टी निघणार नाही."

भाची मागं उभी राहून खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मनगटावर दातांचे वण होते.

तिच्या सासूबाई एकदा सोबत आल्या होत्या. मला म्हणाल्या, "पावणं, तुमच्या भाचीनं घड्याळ लावलंय पोरीला. चार म्हंजे चार तास. पाहुण्यांपुढंसुदिक काढू देत नाय. लई जिद्दीची." मी म्हटलं, व्हय.

दहा महिन्यांनी मोठी तपासणी होती. भाचीनं फोन केला. "तुम्ही पण या डॉक्टरांकडं." का, ते सांगितलं नाही. मी दुकान बंद करून गेलो.

नातीचा उजवा डोळा झाकला. समोर तक्ता, त्यावर इंग्रजी ई अक्षर, कुठं तोंड वर, कुठं खाली, कुठं बाजूला. अक्षराची बोटं जिकडं असतील तिकडं पोरीनं आपली तीन बोटं करून दाखवायची. पहिल्या वेळी तिला फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसलं होतं. आज ती एकेक ओळ उतरत गेली. चौथ्या ओळीला थांबली, मान वाकडी केली, मग बोटं खाली केली. बरोबर होतं. पाचवी ओळ. सहाव्या ओळीत दोन बरोबर, दोन चुकली.

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "छान. अशी आई पाहिजे. पट्टी इमानदारीनं लावली की असं होतं."

"माझी आईपण रोज लावायची डॉक्टर," भाची म्हणाली. "तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही तिला लावत नाही म्हणाला होतात. का सुधारलं नाही, ते मामा सांगतील."

मी सांगितलं. दुकानात सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात, पण सगळं. नर्सही ऐकत होती. डॉक्टरांनी मध्येच एकदा विचारलं, "आणि मी काच बघितली नाही?"

"माझ्या दुकानातली म्हणून नाही बघितली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग भाचीला म्हणाले, "मी त्यांना फार बोललो होतो का?"

"हो."

"आहेत का त्या?"

"नाहीत."

त्यांनी कार्डावर लिहिलं. "पट्टी आता दोन तास. बंद करायची नाही. बंद केली तर डोळा परत मागं जाईल."

"नाही करणार."

बाहेर पायऱ्यांवर भाचीनं पोरीला पट्टी बांधली, गाठ घट्ट केली. मग प्रथमच सरळ माझ्याकडं बघून बोलली.

"मामा, आता पिशोर. आमचे आबा अजून आईलाच बोल लावतात. तिच्या वर्षश्राद्धालापण बोलले. त्यांना तुम्ही सांगायचं."

"कधी?"

"आत्ता. गाडी आहे."

घरी फोन करून मी उशीर होईल म्हणून कळवलं. स्टँडवर गाडी लागलेली होती. नात खिडकीशी, मध्ये तिची आई, कडेला मी. कंडक्टर आला तेव्हा मी तिकिटं काढली, पिशोरची, एक पूर्ण, दोन अर्धी.

गाडी शहराबाहेर पडल्यावर भाची म्हणाली, "आबा तुमच्यावर धावून आले तर मी मध्ये पडणार नाही."

"पडू नको," मी म्हटलं.